शांतारामबापूंचे डोळे आणि आमचं आटपाडी

मागच्या रविवारी आबांना म्हटलं चला आज 'दो आँखें बारह हाथ' बघू, तर ते लगेच म्हणाले, "आरं तो तर आपल्या स्वतंत्रपूरचा पिक्चर हाय की." आमच्या आटपाडी तालुक्यात (जि. सांगली) हे म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांना माहितीये, पण माझ्या वयाच्या किती पोरांना माहिती असेल देव जाणे, म्हणून लिहितोय.

तर झालं असं की आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. औंधच्या राजांनी, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून 1939 च्या सुमारास इथल्या माळावर स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत काढली, ना भिंत ना बेड्या, शेती करायची आणि बायकापोरांसोबत राहायचं. ती वसाहत आजपण आहे. ही गोष्ट गदिमांनी पिक्चरसाठी लिहिली, आणि गदिमा तर आमचेच, जन्म शेटफळ्यातला, गाव माडगुळं. आणि पिक्चर काढणारे व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, कोल्हापूरचे. म्हणजे बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला 1958 मध्ये सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालेल्या पिक्चरचं मूळ आमच्या ह्या दुष्काळी मातीत आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.

पण मला खरं बोलायचंय ते डोळ्यांबद्दल.

शांतारामबापू सुरुवातीपासून डोळ्यानं गोष्ट सांगत आलेत असं मला वाटतं. 1934 चा 'अमृतमंथन' घ्या, प्रभात फिल्म कंपनीचा. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरूचं काम चंद्रमोहननं केलंय आणि बापूंनी टेलिफोटो लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) लावून त्याचा नुसता एक डोळा पडदाभर दाखवलाय. तेव्हा आपल्याकडचे बरेचसे पिक्चर म्हणजे नाटकच कॅमेरा समोर ठेवून काढल्यासारखे, नट लांब उभा राहून बोलणार. इथं तो माणूस तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळतं की ह्याच्या मनात काय आहे. संवादाचं काम लेन्सनं केलं.

मग 1937 ला 'कुंकू'. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराची गोष्ट, शांता आपटेनी काय काम केलंय! ह्यात पार्श्वसंगीतच नाही, कुठंच नाही. जे वाजतं ते त्या घरातलंच, घड्याळ, भांडी, माणसांचे आवाज. गाणीपण तशीच. बोलपट येऊन उणीपुरी सहा वर्षं झालेली, सगळे गाणी कोंबायच्या मागं होते आणि ह्या माणसानं वाद्यं बंद करून टाकली. मी रात्री हेडफोन लावून बघितला तेव्हा ती शांतता अंगावर आली, म्हातारा नवरा (केशवराव दाते) एकटा असतो तेव्हा तर बघवतच नाही. माझ्या मते बापूंचा सगळ्यात मोठा पिक्चर हाच, त्यांच्या रंगीत 'झनक झनक पायल बाजे'चे रंग कितीही भारी असले तरी.

आणि रंग हातात असून 1957 ला ते परत ब्लॅक अँड व्हाईटकडे आले, 'दो आँखें'साठी. माळरान, उन्हात तापलेली ढेकळं, सहा खुनी आणि एक जेलर, जेलर स्वतः बापूच. कैदी पळून जायला निघतात आणि त्या जेलरचे डोळेच त्यांना मागं ओढतात. बंदूक नाही, कुलूप नाही.

शेवटी बैलाशी झुंज आहे. आबा खरसुंडीच्या जत्रेत अख्खं आयुष्य खिलार बैल बघत आलेत, ते सीन चालू असताना पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "ह्यो माणूस खरंच लढतोय गा, ही अ‍ॅक्टिंग न्हवं." मग मी त्यांना सांगितलं की आबा, खरंच तेव्हा शूटिंगमध्ये बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्यांना मार लागला होता, पट्टी बांधून अंधारात पडून राहावं लागलं, दिसेल का नाही तेच कळत नव्हतं. आबा काही बोललेच नाहीत बराच वेळ.

ते बरे झाले आणि 1959 ला 'नवरंग' काढला. त्याच्या सुरुवातीला बापू स्वतः पडद्यावर येऊन सांगतात की डोळे बंद होते तेव्हाच रंग दिसले. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचे डोळे दाखवले त्याचे स्वतःचे डोळे जायची वेळ आली आणि तो उठून परत रंगांकडंच गेला, ह्याचा विचार करून मला अजून भरून येतं.

आबांना मोबाइलवर तेवढाच भाग लावून दिला. पूर्ण बघितला आणि म्हणाले, "परत लाव."