रोजची चारशेची गोळी

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कॅन्सर असं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, केमोची सलाइन नाही, केस जाणार नाहीत. रोज जेवताना एक गोळी घ्यायची." घरच्यांना केवढा धीर आला! गोळीचं नाव इमॅटिनिब, २००१ साली ती बाजारात आली. त्याआधी या आजारात इंटरफेरॉनची इंजेक्शनं नाहीतर बोन मॅरो बदलणं, असलेच उपाय होते. आता ४०० मिलिग्रॅमची गोळी, तीही भारतीय कंपन्या बनवतात म्हणून आमच्यासारख्यांच्या आवाक्यात.

पण रोज म्हणजे रोज, वर्षानुवर्षं. त्रासही असे की डॉक्टरांपुढे बोलायला संकोच वाटावा. मला धास्ती या त्रासांचीच होती. मोठ्या दुखण्याला माणूस दवाखाना गाठतो, बारीकसारीक कटकटीला कंटाळून परस्पर गोळी बंद करतो.

सकाळी चहा-पोह्यांवर घेतली की पोट ढवळायचं. डॉक्टरांना विचारून रात्रीवर नेली. अर्धी भाकरी झाली की मोठा ग्लासभर पाण्याबरोबर गोळी, मग उरलेलं जेवण. लगेच आडवं व्हायचं नाही, अंगणात शतपावली. संकष्टीला चंद्रोदयानंतर पान वाढलं की घेते. निर्जळी एकादशी सोडली. सासूबाईंना कसं सांगावं या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, "विठोबाला कळतंय गं सगळं."

सकाळी डोळ्यांखाली सूज असायची, रात्रभर रडल्यासारखी. उशाला आणखी एक उशी घेतली, पापड-लोणचं कमी केलं, थोडा फरक पडला. वजन वहीत लिहिते, कारण अंगात पाणी साठून ते झपाट्याने वाढलं तर लगेच कळवायला सांगितलंय. पोटऱ्यांत मध्यरात्री गोळे यायचे, तेव्हा पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरायची. डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासलं आणि त्याप्रमाणे औषध दिलं. झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणते, गोळे आता क्वचित येतात.

सगळ्यात विचित्र प्रकार रंगाचा. मी मुळची सावळी. काही महिन्यांत चेहरा, हात उजळले. ही गोळी कॅन्सरच्या पेशी वाढवणारं बीसीआर-एबीएल हे प्रथिन अडवते, पण तिच्या तडाख्यात सी-किट नावाचं आणखी एक प्रथिन सापडतं. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींना त्याची गरज असते. हळदीकुंकवाला शेजारणीने हात धरून विचारलं, "वहिनी, कुठलं क्रीम लावता?" काय सांगणार? लग्नाच्या वेळी ज्या रंगावरून दोन स्थळं परत गेली, तो आता कौतुकाचा झाला, तोही कॅन्सरच्या औषधाने! मी हसून वेळ मारून नेली. नणंदेला मात्र खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "बरंय की, एक तरी फायदा." तिचा राग येत नाही, पण आरशात मला माझी आई दिसायची, ती दिसेनाशी झाली, हे तिला कसं कळावं? उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून छत्री आणि लांब बाह्या.

ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण ते खाल्लं की रक्तातलं औषध वाढतं. त्याच कुळातलं म्हणून पपनसही बंद. गावाहून कुणी काढ्याची बाटली पाठवली तर नाव विचारून आधी डॉक्टरांना दाखवते. भीड पडते, पण यात भीड ठेवून चालत नाही.

रक्तात बीसीआर-एबीएलचा अंश किती उरलाय, ते पीसीआर तपासणीत कळतं. तो आकडा तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या आत आणि वर्षात ०.१ टक्क्यापर्यंत यावा लागतो. माझा आला. त्या रिपोर्टनंतर गोळे, सूज, मळमळ यांच्याबद्दल तक्रार करायलाही हुरूप आला.

थकव्यावर मात्र अजून तोड सापडलेली नाही. दुपारनंतर जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही तपासायला दिलंय. रिपोर्ट ठीक आले तर डोस थोडा कमी करता येईल का, हे पुढच्या भेटीत विचारणार आहे. तोवर रात्रीची गोळी चालूच.