आमची वाटचाल : बांधावरच्या मातीतून निघालेला धंदा

आज कुठल्याही कृषी केंद्रात मायकोरायझाचं, म्हणजे मुळात राहून झाडाला मातीतलं अन्न पोचवणाऱ्या बुरशीचं पाकीट मिळतं, पण आम्ही निफाड तालुक्यात सुरू केलं तेव्हा लोक म्हणायचे, आम्ही बुरशी मारायला पैसे घालतो आणि तुम्ही विकताय होय! 2006 ला जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशात आली, मागाहून मायकोरायझाही, मग लायसन, लॅब, सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते आप्पांचं. शेजारच्या गावचे, कांदा आणि द्राक्ष. या माणसाने बांध कधी पेटवला नाही की त्यावर तणनाशक मारलं नाही, त्यामुळे पवन्या, मारवेल, तरवड, एकदांडी, काय वाट्टेल ते तिथं उभं असायचं, लोक हसायचे. आमचं मूळ कल्चर, म्हणजे वाढवायला घेतलेली बुरशी, त्याच मातीतलं. 45 मायक्रॉनच्या चाळणीवर ती माती धुतली आणि मायक्रोस्कोपखाली धरली तर पांढरे, पिवळे, तांबूस, लहानमोठे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, नुसते विखुरलेले. झाडं दहा प्रकारची असली की खाली बुरशीही एका प्रकारची राहत नाही, आणि उलटंही खरं, 1998 ला 'नेचर'मध्ये तसा प्रयोग आला होता, बुरशीचे प्रकार वाढवत नेले तशी वरची झाडं विविध झाली आणि वाढलीही जास्त.

तर ते कल्चर आम्ही कुंड्यांत ज्वारीवर वाढवायचो (अजून तसंच करतो). शेवटी पाणी तोडायचं, वरचा भाग कापायचा, मुळं बारीक करून मातीतच मिसळायची. प्रत्येक लॉटची थोडी मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये शिजवून ट्रायपॅन ब्लू या रंगात बुडवायची, आत बुरशीचे निळे फुगे दिसले तरच पॅकिंग.

मग आमच्याकडेच सेल्सला असलेला एक गडी बाहेर पडला आणि स्वतःचा ब्रँड काढला. नाव घेत नाही, तालुक्याला माहितीये. आमच्या निम्म्या रेटने काळी पावडर, वर छापलेलं 'शुद्ध एकच जात, टाकीत वाढवलेली'. अरे बाबा, ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, लॅबमध्ये बाटलीत वाढवतात तिथंही गाजराचं मूळ लागतं, तू टाकीत कशी वाढवलीस? दुकानदाराला मार्जिन दिसतं, बीजाणू दिसत नाहीत. वर हा माणूस फ्लॉवर-कोबीवाल्यांनाही विकायचा, त्या पिकांच्या मुळाला ही बुरशी लागतच नाही! रिझल्ट आला नाही की शेतकरी म्हणणार, मायकोरायझा बोगस. दोन सीझनमध्ये खोकीच्या खोकी परत आली, आमचीसुद्धा, हप्ते थकले, छोटा हत्ती विकला, लॅबची पोरं अर्ध्या पगारावर थांबली.

तेव्हा आप्पांनी कांद्याच्या रोपवाटिकेत अर्ध्या वाफ्यांना आमचं टाकलं, अर्ध्यांना नाही, आणि ज्या दुकानदाराने माल परत पाठवला त्यालाच वाफ्यावर बसवून स्वतःच्या हाताने रोपं उपटायला लावली. कांद्याला केसमुळं नसल्यात जमा, सगळी भिस्त बुरशीवर, त्यामुळे फरक लगेच कळतो. दुकानदार काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली. आप्पांनी पुढच्या वर्षाच्या मालाचे पैसे आधीच दिले ते वेगळं.

त्यानंतर धंदा बरा चाललाय.

आता विचारलं नाही तरी सांगतो, कोबीनंतर लगेच कांदा लावू नका, मधे ज्वारी-बाजरी किंवा ताग घ्या, नाहीतर बुरशी उपाशी राहते. डीएपी गोणीने ओतला तर झाडाला बुरशीची गरजच उरत नाही, मग आमचं पाकीट घेऊन काय करणार. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग आणि मायकोरायझा एकत्र देऊ नका. आणि बांधावर राउंडअप तणनाशक मारणाऱ्यांना तर काय बोलावं, बुरशीची फुकटची बँक स्वतःच्या हाताने बुडवायची आणि मग पाकिटासाठी दुकानात जायचं.

सध्या रब्बी कांद्याच्या रोपांचा सीझन आहे, माल बुकिंगप्रमाणेच निघतो. फ्लॉवर-कोबीवाल्यांनी कृपया मागू नये, आम्ही देत नाही, त्यांच्यासाठी तो टाकीवाला आहे की.