टॉक्सो पॉझिटिव्ह

"मॅडम, जंत डोक्यात गेलेत. मग या डोक्याच्या गोळ्या कशाला?"

ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या ओपीडीत पेशंटच्या मोठ्या भावाने टॉर्चचा रिपोर्ट पुढे केला. ही एरवी गरोदर बायकांना सांगितली जाणारी तपासणी. मांजरांकडून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आयजीजी अँटिबॉडी (जुन्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह, आयजीएम (सहसा ताज्या संसर्गाची) निगेटिव्ह. 'पॉझिटिव्ह'खाली पेनाने दोन रेघा मारलेल्या. 24 वर्षांचा मुलगा, स्किझोफ्रेनिया, रात्री 4 मिलिग्रॅम रिस्पेरिडोन या त्यावरच्या गोळीवर दीड वर्ष स्थिर. 3 आठवड्यांपूर्वी घरच्यांनी ती गोळी थांबवली, अल्बेंडाझोल 400 ची एक गोळी दिली आणि घरचं मांजर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी सोडून आले. मुलगा ओपीडीच्या भिंतीला कान लावून बसला होता.

अल्बेंडाझोल जंतांचं औषध. टॉक्सोप्लाझ्मा एकपेशीय, त्याला त्याचा उपयोग नाही. भावाची गल्लत झाली होती टेपवर्मच्या मेंदूतल्या गाठींशी. तिथे अल्बेंडाझोल देतात, पण आधी एमआरआय करून, डोळ्यात गाठ नाही ना हे बघून आणि सोबत स्टेरॉइड देऊन, कारण गाठी मरताना मेंदूला सूज येते. एका गोळीचं ते काम नव्हे.

टॉक्सोचा स्किझोफ्रेनियाशी संबंध असेल, हा संशय मात्र अगदीच हवेतला नव्हता. टोरी आणि योल्कन या संशोधकांच्या गटाने 2007 मध्ये 23 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्किझोफ्रेनियात टॉक्सोच्या अँटिबॉडी असण्याचा ऑड्स रेशो (हा आजार नसलेल्यांच्या तुलनेतलं शक्यतेचं गुणोत्तर) 2.73 निघाला. डोपामिन बनवण्याच्या वाटेवरच्या एन्झाइमची जनुकंही या परजीवीत सापडली आहेत. पण आयजीजी एकदा आलं की बहुधा जन्मभर राहतं. संसर्ग कधीतरी होऊन गेला, एवढंच ते सांगतं. आजारच त्यातून आला का, हे नाही. आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना स्किझोफ्रेनिया कधीच होत नाही. त्यात हॅलोपेरिडॉल परीक्षानळीत याच परजीवीची वाढ रोखतं, म्हणजे भावाने बंद केलं होतं त्याच जातीचं औषध!

ताप, झटके, डोकेदुखी नाही, एचआयव्ही निगेटिव्ह, सुरुवातीचा एमआरआय स्वच्छ. टॉक्सोवर औषध द्यायचं कारण नव्हतं. खंड पडल्यामुळे रिस्पेरिडोन रात्री 2 मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू केलं, 4 दिवसांनी 4.

आई उठता उठता हळूच म्हणाली, "मग मांजराचं काय हो?" मांजर सहसा पहिल्या संसर्गानंतर 1 ते 3 आठवडेच विष्ठेतून बीजं टाकतं आणि ती बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. वाळूचा ट्रे रोज साफ केला, हात धुतले, मटण नीट शिजवलं, तर मांजर घरात चालेल. भाऊ त्याच संध्याकाळी बिस्किटाचा पुडा घेऊन येऊरला गेला.