कोण कोणासाठी थांबतं

जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांची मोट बांधणारे अल्बम एका बाबतीत कमनशिबी आहेत: ते फार सोयीचे असतात. हॉटेलची लॉबी, विमानतळावरचं लाउंज, दंतवैद्याकडची बाहेरची खोली. जिथे लोकांना शांतताही नको असते आणि गाणंही नको असतं, तिथे हे लावून ठेवता येतात. खाली धप धप एकसुरी ठेका, वर एखादा दमलेला ट्रम्पेट. ऐकणाऱ्याला आपली अभिरुची जरा उंचावल्यासारखी वाटते आणि गप्पांतही खंड पडत नाही. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा आहे. तरीही मी असे अल्बम शोधत असतो, कारण त्यातला एखादा निघतो तो पार आडवा करून जातो.

माझ्या मते सगळी गोम वेळेत आहे. यंत्राच्या वेळेला रेघा आखलेल्या असतात आणि प्रत्येक सूर रेघेवर पडावा अशी त्याची अपेक्षा असते. एखादा इकडेतिकडे पडलाच, तर संगणकावर ‘क्वांटाइझ’ नावाची सोय असते, ती त्याला कान धरून रेघेवर आणून बसवते. जॅझवाल्यांचा जीव मात्र रेघेच्या अलीकडे-पलीकडेच रमतो. ड्रमवाला किंचित मागे रेलतो, बासवाला किंचित पुढे रेटतो, आणि त्या गोड ओढाताणीतून स्विंग, म्हणजे जॅझचं ते डुलणं, जमतो. रॉजर लिन या अमेरिकी गृहस्थाने १९८० साली एलएम-१ हे ड्रम मशीन बाजारात आणलं, तेव्हा त्याने यावरही तोड काढली. जोडीतल्या पहिल्या ठोक्याला जास्त वेळ द्यायचा, दुसऱ्याला कमी, आणि हे प्रमाण टक्क्यांत मांडायचं. ५० टक्के म्हणजे सरळसोट चाल, ६६ च्या आसपास गेलं की डुलायला लागलं. युक्ती अशी काही लागू पडली की आजही संगीताच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्विंगचं बटण असतंच. डुलणं टक्क्यांत मोजतात हे कळल्यावर एखाद्या मुरलेल्या जॅझ ड्रमरचा चेहरा कसा झाला असेल, तो मला बघायचा होता.

लाउंजच्या बदनामीत एका चांगल्या अल्बमचाही हात आहे. लुडोविक नवार हा फ्रेंच माणूस सेंट जर्मेन या नावाने संगीत करतो. त्याचा ‘टूरिस्ट’ २००० साली ब्लू नोटवर आला; ब्लू नोट ही रेकॉर्ड कंपनी म्हणजे जॅझमधलं मोठं घराणंच. त्यातल्या ‘रोज रूज’ मध्ये मार्लेना शॉ या गायिकेचा आवाज आहे, १९७३ च्या स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो जॅझ महोत्सवातल्या तिच्या गाण्यातून कापून घेतलेला. पाय आपोआप ठेका धरतो, ते मी नाकारत नाही. पण मूळ गाणं ऐकलेलं असलं की पंचाईत होते. तिथे ती गरीब वस्तीतल्या बाईचं गाऱ्हाणं मांडते, श्रोत्यांना चिमटे काढते, हसवते, मधेच आवाज चढवते. इथे तिच्या वाट्याला एक-दोन ओळी आल्या आहेत. त्याच ओळी, त्याच श्वासात, पुन्हा पुन्हा. तिला पुढे जायचं असतं आणि यंत्र जाऊ देत नाही, असं काहीतरी मला ऐकू यायला लागतं, आणि मग पाय थांबतो.

पुनरावृत्तीलाच नावं ठेवायची, तर जॅझचा थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याचं काय करायचं हा प्रश्न आहेच. ‘इन अ सायलेंट वे’ हा त्याचा १९६९ चा अल्बम. त्याच्या दुसऱ्या बाजूची सुरुवातीची चारेक मिनिटं शेवटी जशीच्या तशी परत येतात. वादकांनी ती पुन्हा वाजवलेली नाहीत. टिओ मासेरो या निर्मात्याने टेप कापून तोच तुकडा दुसऱ्यांदा चिकटवला. जॅझमध्ये ही लबाडीच म्हणायची. पण मधला सगळा गदारोळ ऐकून आपण त्या तुकड्याशी परत येतो तेव्हा तो वेगळाच लागतो, आणि लबाडी माफ होते. तिथे पुनरावृत्ती कोणाला अडवत नाही.

इतकं सगळं मनात घोळत असताना मी सगळ्यात जास्त ज्याच्याकडे परत जातो तो ‘प्रॉमिसेस’. मार्च २०२१ मध्ये आलेला हा अल्बम तिघांच्या नावावर आहे. पहिला इंग्लंडचा सॅम शेफर्ड. तो फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, क्लबांमध्ये लोकांना पहाटेपर्यंत नाचवतो, आणि मधल्या काळात त्याने मज्जाविज्ञानात डॉक्टरेटही करून ठेवली आहे. दुसरे सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स, ज्यांनी साठच्या दशकात जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोनवादकाच्या शेवटच्या काही वर्षांत त्याच्या बरोबरीने वाजवलं. तिसरं नाव लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं. नऊ भाग, सुमारे ४६ मिनिटं, एकसलग. ड्रम नाही. नाचवणं हा ज्याच्या पोटापाण्याचा धंदा, त्याने ठेकाच काढून टाकला.

ठेक्याच्या जागी आहे सात सुरांची एक छोटी आकृती. हार्प्सिकॉर्ड, पियानो, चेलेस्टा, सिंथ (सिंथेसायझर) अशा पट्ट्यांच्या वाद्यांच्या थरांतून ती झुळझुळत वर येते, विरते, आणि थोडी जागा रिकामी सोडून पुन्हा येते. अल्बम जवळजवळ संपेपर्यंत तिचं हेच चालू असतं. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा जसा तीच सुरावट धरून बसतो आणि बाकीचा सगळा खेळ तबलजीवर सोपवतो, तसंच हे काम आहे, आणि तितकंच बिनमानाचं. नीट कान दिला तर ती आकृती दर वेळी तंतोतंत तीच नसते. कधी एखादा सूर जास्त चमकतो, कधी शेपूट लांबतं, कधी त्यामागे सिंथचा एक मंद गुंजारव जागा होतो. पण मला खरी भुरळ पडते ती तिच्यानंतरच्या रिकाम्या जागेची. यंत्राला श्वास घ्यायचा नसतो, मग ते थांबतं कशाला? ते थांबतं सँडर्ससाठी.

आणि सँडर्स त्या जागेचा अजिबात फायदा घेत नाहीत, यातच मजा आहे. कोल्ट्रेनबरोबर वाजवायचे तेव्हा त्यांचा सॅक्सोफोन किंचाळायचा, फाटायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. त्या काळची रेकॉर्डिंग्ज मी अजूनही एका बैठकीत पुरी करू शकत नाही, आणि त्याबद्दल मला अपराधी वगैरे वाटत नाही. इथे रेकॉर्डिंगच्या वेळी ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. आकृती येते, जाते. ते दोन सूर टाकतात. पुन्हा येते, जाते. आता काहीच नाही. मग एक लांब सूर येतो, सुरू होण्याआधी त्याची हवा ऐकू येते, आणि संपता संपता तो किंचित खाली कलतो. चौथ्या भागात तर ते सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडानेच काहीबाही गुणगुणतात. शब्द नाहीत, चालही धड नाही. एकट्या माणसाने कामात असताना स्वतःशी काढावेत तसे आवाज. दुसऱ्या कोणी हे संपादनात कापलं असतं. शेफर्डने ठेवलं, आणि त्याबद्दल त्याला सगळ्या पदव्यांच्या वर एक पदवी द्यायला माझी ना नाही.

सहाव्या भागात ऑर्केस्ट्रा अंगावर येतो. व्हायोलिन, चेलो सगळे भरून येतात आणि सात सुरांची ती आकृती जवळजवळ बुडून जाते. समीक्षकांना हा भाग फार आवडला. मला तो जरा जास्त वाटतो. इतकं संयमाने राखलेलं सगळं एकदम उधळून टाकायची काय घाई होती, असं दर वेळी मनात येतं, आणि दर वेळी अंगावर काटाही येतो. त्यामुळे माझी तक्रार कोणी फारशी मनावर घेऊ नये.

या दोघांची गाठ पडली त्याचीही गोष्ट सांगतात. सँडर्सनी गाडीतून जाताना शेफर्डचा ‘एलेनिया’ हा २०१५ चा अल्बम ऐकला आणि हा कोण, याला मला भेटायचंय, असं म्हटलं. म्हणजे म्हाताऱ्याने पोराला शोधून काढलं. उलट झालं असतं तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं: एखाद्या दिग्गजाचे चार सूर मागून घ्यायचे, कापायचे, आणि आपल्या ठेक्यावर बसवायचे. तसे अल्बम पुष्कळ आहेत, आणि लॉबींनाही ते पुष्कळ पुरतात.

२४ सप्टेंबर २०२२ रोजी सँडर्स गेले. ‘प्रॉमिसेस’ रंगमंचावर पहिल्यांदा वाजला तो त्यानंतर जवळजवळ वर्षाने, २० सप्टेंबर २०२३ रोजी, लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये. सँडर्सच्या जागी होता लंडनचा शबाका हचिंग्ज, ज्याने त्या वर्षअखेर सॅक्सोफोन बाजूला ठेवून बासऱ्यांकडे वळायचं आधीच ठरवलं होतं. सात सुरांची आकृती काय, ती आली असेलच ठरल्याप्रमाणे. मला कुतूहल आहे ते वेगळंच: आकृती विरल्यावरच्या त्या जागेत, सतरा हजारांहून जास्त माणसं मावणाऱ्या त्या उघड्या प्रेक्षागृहात, हचिंग्जला सॅक्सोफोन ओठांपाशी धरून काहीच न वाजवण्याचा धीर कितीदा झाला असेल?