डब्ल्यू सोडायला लागलेले सहा आठवडे

डिसेंबरात नाशिकला थंडी धरली की रात्री अकरानंतर बोटं ऐकत नाहीत. इंदिरानगरच्या आमच्या घरात माझी खोली गच्चीला लागून आहे, वर पत्रा. पेपरात निफाडचा पारा छापून येतो तेवढी थंडी आमच्याकडे नसते, पण माऊसवरचा हात गारठायला तेवढी लागतही नाही. मी गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये डावा हात तिच्यावर टेकवायचे. डावा एवढ्यासाठी, की गेममध्ये पुढे पळायला कीबोर्डवरचं डब्ल्यू दाबतात, त्यावरचं मधलं बोट त्या हाताचं, आणि ते वेळेवर उचलायला शिकण्यात माझे सहा आठवडे गेले.

गेम काउंटर-स्ट्राइक १.६, दोन संघांनी बंदुका घेऊन लढायचा, २००३ सालचा. धाकटा भाऊ नववीत असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. मधली बरीच वर्षं मी त्याला हात लावला नाही. एमएस्सी झाली, मग कॉलेज रोडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवायला लागले. गेल्या पावसाळ्यात पुन्हा खेळायला बसले: भाऊ, त्याचे तीन मित्र आणि मी. नेम माझा चांगला आहे, चौघंही मान्य करतात. पण डस्ट-टू या मॅपवर राउंड सुरू झाला की भाऊ आणि मी शेजारी शेजारी उभे, दोघांच्या हातात चाकू, दोघं एकदम निघणार, आणि मॅपच्या मधल्या दारांशी तो माझ्याआधी पोचलेला. दर वेळी. चाकू हातात असताना सगळ्यांचा वेग सारखाच, सेकंदाला २५० युनिट (युनिट म्हणजे गेममधलं अंतराचं माप). मग हा पुढे जातो कसा?

"ताई, तू पळतेस," तो म्हणाला. "मी जमिनीला लागतच नाही."

बनी हॉप हे नाव मला माहीत होतं. एकामागोमाग एक उड्या मारायच्या, एवढंच वाटायचं. तशा उड्या मी मारायचेही, आणि पळण्यापेक्षा हळू जायचे. कारण समजून घ्यायला बसले तेव्हा कळलं, की यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मी दोन्ही चुकवत होते.

पहिली जमिनीची. हा गेम सेकंदाला १०० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम १० मिलिसेकंदांची. घर्षणाचा आकडा ४. त्यामुळे जमिनीवरच्या प्रत्येक फ्रेमला घर्षण वेगातले ४ टक्के खातं. २५० चे एका झटक्यात २४०. हवेत घर्षण नाही. खाली आल्यावर पहिल्याच फ्रेमला पुन्हा उडी लागली, तर घर्षणाचा हिशोब व्हायच्या आत तुम्ही वर गेलेले असता. दहा मिलिसेकंदांत स्पेसबार नेमका दाबणं माणसाच्या बोटाला क्वचितच जमतं, म्हणून मुरलेले खेळाडू उडी माऊसच्या चाकावर लावतात. चाक एकदा फिरवलं की उडीचे सात-आठ हुकूम ओळीने जातात आणि त्यातला एखादा बरोबर फ्रेमवर पडतो. माझ्या जुन्या माऊसचं चाक घसरायचं. कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानातून खटखट वाजणाऱ्या, घट्ट चाकाचा माऊस आणला आणि हा भाग आठवडाभरात बसला.

दुसरी गोष्ट हवेची. सगळा जीव तिच्यात आहे.

पळताना आपण डब्ल्यू दाबून ठेवतो. उडी मारली तरी बोट तिथेच राहतं, कारण पुढे जायचंय. आणि हवेत तेच बोट आडवं येतं. गेम हवेत तुमचा एकूण वेग बघत नाही. तुम्ही जी दिशा दाबली आहे त्या दिशेने तुमच्या वेगाचा घटक किती, एवढंच बघतो, आणि तो ३० युनिटपेक्षा कमी असेल तरच त्या दिशेला भर घालतो. सरळ २५० ने चालला आहात आणि डब्ल्यू दाबलंय, तर त्या दिशेचा घटक २५०. तीसच्या कितीतरी वर. भर शून्य. डब्ल्यूबरोबर डी, म्हणजे उजवीकडे सरकायचं बटण, दाबलंत तर दिशा ४५ अंशांत वळते आणि घटक १७७ होतो. तरीही शून्य. पण डब्ल्यू सोडून नुसतं डी दाबलंत, तर दाबलेली दिशा वेगाला काटकोनात येते, घटक शून्य, आणि आता गेम द्यायला तयार होतो.

हे मी एका सकाळी वर्गात फळ्यावर मांडून बघितलं. सातची बॅच यायला वीस मिनिटं होती. २५० चा बाण, त्याला काटकोनात २५ चा, कारण नेहमीच्या सेटिंगला एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त तेवढीच भर पडते. पायथागोरस लावला: ६२५०० अधिक ६२५, वर्गमूळ २५१.२. एका फ्रेममध्ये, दहा मिलिसेकंदांत, वेग एक युनिटने वाढला. पुढच्या फ्रेमला माऊस किंचित उजवीकडे नेला की दाबलेली दिशा पुन्हा वेगाच्या काटकोनाजवळ येते, घटक पुन्हा तीसच्या खाली जातो, पुन्हा भर. हवेत असेपर्यंत हेच चालू. पहिल्या बाकावरची मुलगी लवकर आली होती. फळ्याकडे बघून तिने विचारलं, "मॅडम, रिव्हर-बोटचं गणित आहे का?" इतका बरोबर प्रश्न होता की मी त्या दिवशी सापेक्ष वेगाचा धडा तिथूनच सुरू केला. काठाला काटकोनात वल्हवणाऱ्या नावेचा वेगही प्रवाहामुळे असाच वाढतो. फरक एवढाच, की इथे नावाडी दर क्षणी वल्हवायची दिशा थोडी थोडी वळवत राहतो.

हा नियम क्वेकमधून आलाय. आयडी सॉफ्टवेअरने १९९६ साली क्वेक काढला, त्याच्या इंजिनावर व्हॉल्व्हने १९९८ मध्ये हाफ-लाइफ केला, आणि १९९९ साली काउंटर-स्ट्राइक त्याचाच मॉड, म्हणजे खेळाडूंनी बदलून केलेली आवृत्ती, म्हणून सुरू झाला. वेग वाढवायची ही सोय कुणी ठरवून दिलेली नव्हती. घटकावर मर्यादा घातली, एकूण वेगावर घालायची राहिली, आणि त्या फटीतून खेळाडूंनी उडायची एक अख्खी विद्या उभी केली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

समजलं एका सकाळी, बोटात उतरायला सहा आठवडे. उडी घेतली की डब्ल्यू सोडायचं, डी आणि माऊस एकत्र उजवीकडे, मग ए (डावीकडचं बटण) आणि माऊस एकत्र डावीकडे. कागदावर दोन ओळी आहेत. पण जमीन सुटली की माझं मधलं बोट आपोआप घट्ट व्हायचं, पडताना माणूस काहीतरी धरतो तसं. शेवटी मी कीबोर्डवरची डब्ल्यूची कॅप उपटून काढली. खाली नुसता खुंट राहिला. पळायला सुरुवात करताना तो दाबता यायचा, पण बोट त्यावर विसावायचं नाही, टोचायचं, आणि टोचलं की आठवायचं. कॅप हरवू नये म्हणून देवघरातल्या जुन्या कोयरीत ठेवली होती. आईला ती हळदीच्या खणात सापडली. तिने काही विचारलं नाही. धुऊन, पुसून परत कुंकवाच्या खणात ठेवून दिली.

माऊसचाही एक धडा आहे. घाईने फिरवला तर दाबलेली दिशा वेगाच्या मागच्या बाजूला जाते आणि हवेतच ब्रेक लागतो. पहिले पंधरा दिवस मी हेच करत होते. झटका मारायचा नाही. पोळी लाटताना लाटणं वळवतो तसं, एका दाबाने, गोल.

लयीची गोष्ट लांबवून सांगते, कारण तिथे मी चुकले आणि भाऊ बरोबर निघाला. चाक कधी फिरवायचं हे डोळ्यांनी कळत नाही, आधी अंगात यावं लागतं. म्हणून मी गणित केलं. उडीची उंची ४५ युनिट, गुरुत्व ८००. वर जायला आणि खाली यायला मिळून दोन गुणिले वर्गमूळात ९० भागिले ८००, म्हणजे ०.६७ सेकंद. मिनिटाला साधारण ९० ठोके. मोबाईलवर मेट्रोनोम ९० वर लावला आणि त्याच्या तालावर चाक फिरवत बसले. पहिली उडी बरोबर पडायची. दुसरीला मी कायम उशिरा. चार रात्री गेल्या.

भाऊ ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. गणपतीच्या आधी महिनाभर त्यांचा सराव गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, असतो, तेव्हापासून त्याच्या मनगटात लय मुक्कामाला आलेली असते. तो दारात उभा राहून ऐकत होता. "हे चुकतंय," म्हणाला. "पहिल्या ठोक्यानंतर लय चढते. ऐक." आणि टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी वाजवून दाखवलं: एक लांब, मग जवळजवळचे, सारखे. मी म्हटलं, गुरुत्व बदलत नाही, लय कशी चढेल? पण त्याच्या दहा उड्या मोबाईलवर शूट केल्या आणि फ्रेम मोजल्या. पहिली ०.६७. पुढच्या सगळ्या ०.५८ च्या आसपास.

मी धरून चालले होते की प्रत्येक उडी सारखी. १.६ मध्ये उडीनंतर सुमारे १.३ सेकंद थकवा मोजला जातो, आणि तो उतरायच्या आत मारलेल्या उडीला वर जायला कमी जोर मिळतो. लगेचच्या उडीला ही घट १२ टक्क्यांहून थोडी जास्त. उडी बुटकी, म्हणून हवेतला वेळ कमी, म्हणून ठोका लवकर. तोच थकवा जमिनीवर एक फ्रेम जास्त थांबलं तर घर्षणाच्या वर आणखी वेग खातो. मेट्रोनोम १०४ वर नेला, पहिला ठोका मोजायचा सोडून दिला, आणि त्याच रात्री सलग तीन उड्या पडल्या.

१३ जानेवारी, भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी जेवून वर आले. साडेबारा झाले होते, शेजारच्या इमारतीचे दिवे गेले होते. सरावाच्या वेळी स्क्रीनवर खाली मधोमध वेगाचा आकडा दिसतो. पहिली उडी, डी, माऊस उजवीकडे: २६२. खाली, चाक, ए, डावीकडे: २७१. मग २७९. इथे नेहमी माझा श्वास अडकायचा. त्या रात्री अडकला नाही. २८६. २९३. बोट खुंटाच्या वर, हवेत, मोकळं. पायाचा आवाज बदलतो, धावण्याची घाई जाऊन टप, टप, टप असा येतो. भाऊ इतके दिवस काय ऐकत होता ते मला तेव्हा ऐकू आलं.

त्यानंतरची उडी मी ३०४ वर घेतली आणि आकडा धाडकन २४० वर आला. हे का झालं ते माहीत होतं. उडी घेताना तुमचा वेग कमाल वेगाच्या १.२ पटीहून जास्त असेल, तर गेम तो त्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर आणून ठेवतो. चाकूची मर्यादा ३००, त्याचे ८० टक्के २४०. म्हणजे वेग वाढवण्याइतकंच, ३०० ला टेकायच्या आत थांबणंही शिकायचं. सामन्यात तर हे आणखी घट्ट होतं. हातात एके ही बंदूक घेतली की कमाल वेग २२१, म्हणून मर्यादा २६५. एडब्ल्यूपी ही जड स्नायपर बंदूक असेल तर २१० आणि २५२. म्हणूनच भाऊ अर्ध्या वाटेपर्यंत चाकू काढून उडत जातो आणि कोपरा यायच्या आधी बंदूक घेतो.

फेब्रुवारीत एका सर्व्हरवरून मला स्क्रिप्ट वापरते म्हणून काढून टाकलं. उडी आपोआप मारणाऱ्या स्क्रिप्ट असतात हे खरं आहे, पण त्यांची प्रत्येक उडी पहिल्या फ्रेमवर पडते. माझ्या दहातल्या सहा-सात पडतात, बाकीच्या एक-दोन फ्रेम उशिरा. डेमो, म्हणजे खेळाचं रेकॉर्डिंग, केलेला होता, पाठवला, उत्तर आलं नाही. दोन दिवस फार लागलं मला ते. सहा आठवडे गारठलेल्या बोटांनी जे मिळवलं, ते कुणी न बघता खोटं ठरवावं!

आता लाँग जंप, म्हणजे एकाच उडीत लांब दरी पार करणं, चालू आहे. नुसती सरळ धावून उडी मारली तर २५० गुणिले ०.६७, म्हणजे साधारण १६८ युनिट, आणि अंगाची रुंदी ३२ धरून सुमारे २०० ची दरी पार होते. त्यापुढचं सगळं हवेत कमवावं लागतं: एकाच उडीत डी-ए-डी-ए असे पाच-सहा स्ट्रेफ (बाजूला सरकणं), आणि टेकायच्या आधी वाकून पाय वर घेणं. मी २३५ पार करते. २४० च्या ठोकळ्याला पाय लागतो आणि घसरते. डेमो हळू करून बघितला तर पहिले चार स्ट्रेफ चांगले लांब आहेत, शेवटच्या दोनांत माऊस घाईने वळतो. समोरची कड दिसली की हात धीर सोडतो. रविवारी पथकाची मीटिंग नाही, तेव्हा भाऊ शेजारी बसून ते दोन स्ट्रेफ टेबलावर वाजवून देणार आहे.