पोरांना दुर्बिणीतून आकाश दाखवताना

वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी आकाशदर्शन ठेवायचं तर अमावस्येजवळचा शनिवार धरा. शोधक दुर्बीण (मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली, नेम धरायची छोटी दुर्बीण) उजेड असतानाच लांबच्या टॉवरवर जुळवून घ्या. अंधारात ते काम रडकुंडीला आणतं. ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा. आरसा गरम असला की तारे उकळल्यासारखे थरथरतात. सुरुवात २५ मिमीच्या नेत्रिकेनेच (डोळा लावायच्या भिंगानेच) करा: दुर्बिणीच्या १२०० मिमी नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) २५ ने भागलं की ४८ पट मोठं दिसतं, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाला (वायू-धुळीच्या चमकत्या ढगाला) भरपूर झालं. पोरं नेत्रिका घट्ट धरतात आणि तेजोमेघ निसटतो, म्हणून हात पाठीमागे बांधायला सांगा. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. एक मोबाईल चमकला की सगळ्यांचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात. नेत्रिकेवर दव धरलं तर पुसू नका, खिशात ठेवून ऊब द्या.