ऐंशी दारं, रिकामी होण्याआधी

चाळीतल्या मंडळानं फोटोचं काम अगदी नेमकं सांगितलं होतं. इमारत रिकामी होईल त्या दिवशी सगळ्या ८० खोल्यांच्या दारांचे फोटो हवेत, दारात त्या-त्या घरची माणसं हवीत, आणि हे सगळं शेवटचा टेम्पो भरायच्या आत. वरळीच्या बीडीडी चाळीतली ही इमारत. क्रमांक मुद्दाम देत नाही, कारण त्या खोल्यांत लोकांचे संसार झाले आहेत.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० च्या दशकात या खात्यानं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी उभ्या केल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामायिक. वरळीत आता म्हाडा पुनर्विकास करत आहे, रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. हे आकडे फोटो काढणाऱ्यालाही लागतात, कारण कुठली लेन्स लावायची, कुठं उभं राहायचं आणि दिवसाचा वेळ कसा वाटायचा हे सगळं या मापांवरून ठरतं.

दाराला पाच मिनिटं धरली तर ८० दारांना ४०० मिनिटं होतात, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. त्यात जिने चढणं-उतरणं, चहा आणि सामानाची वाट अडू नये म्हणून थांबणं आलं. म्हणून सुरुवात पहाटे, पाणी यायच्या वेळी करायची. त्या वेळेला बहुतेक दारं उघडी असतात आणि माणसं रोजच्या कपड्यांत असतात. एकदा नऊ वाजले की दारासमोर खोकी रचली जातात, आणि मग फोटो घराचा न राहता गोदामाचा दिसू लागतो. कुठल्या मजल्याचं सामान आधी उतरणार याची यादी मंडळाकडून आदल्या रात्रीच घेतली होती. ज्यांचा टेम्पो पहिला, त्यांचं दार पहिलं. खोलीच्या क्रमांकानुसार जाण्याचा हट्ट अशा दिवशी महागात पडतो.

पॅसेजमध्ये मागं सरकायला जागा नसते. समोरच्या घराच्या उंबऱ्यात तिकाटणं (ट्रायपॉड) लावायचं, त्या घरच्यांना आधी विचारूनच. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो त्यावर, २४ मिमीची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर दोन मीटरवरून सुमारे तीन मीटर उंची आणि दोन मीटर रुंदी बसते. म्हणजे दार, वरचं तोरण, बाजूची नावाची पाटी, खालच्या चपला आणि थोडी भिंत. याहून रुंद लेन्स लावू नये. कडेला उभा माणूस फुगतो, आणि त्या घराला तो फोटो आयुष्यभर खटकत राहतो.

कॅमेऱ्याची उंची मी १०५ सेंटिमीटर ठेवतो, दाराच्या साधारण निम्म्यावर. कॅमेरा सपाट राहिला की चौकटीच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. डोळ्याच्या उंचीवरून खाली झुकवून घेतला तर चौकट खाली निमुळती होते. संगणकावर ती सरळ करता येते, पण त्यात कडा कापल्या जातात, आणि इथं कडांनाच मोल आहे: मीटरची पेटी, दुधाच्या पिशवीचा खिळा, ऑइलपेंटनं लिहिलेला खोली क्रमांक, सगळं कडेलाच असतं.

उजेडाचं गणित जास्त अवघड. पॅसेजच्या दोन्ही टोकांना दिवसाचा निळसर उजेड, मध्ये कुठं जुनी ट्यूब तर कुठं स्वस्त एलईडी, आणि उघड्या दारातून मागच्या खिडकीचा झगझगीत चौकोन. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचे वेग १/५०, १/२५, १/१० सेकंद असे ठेवले की प्रत्येक फोटोत पूर्ण लुकलुकी मोजल्या जातात आणि उजेड सारखा येतो. १/२५० ला गेलात की एक फोटो पिवळा, दुसरा हिरवा, तिसऱ्यात काळे पट्टे. आवाज नको म्हणून बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर पट्टे आणखी ठळक होतात. अशा जागी मेकॅनिकल शटरच वापरावं.

नुसत्या दारासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर १/१० सेकंद. दारात माणूस उभा असला तर आयएसओ ३२००, एफ/५.६ आणि १/५०, कारण लहान मूल १/१० सेकंद स्थिर राहत नाही. एफ/८ ला २४ मिमीची लेन्स दोन मीटरवर फोकस केली की उंबऱ्यापासून खोलीच्या मागच्या खिडकीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. खिडकी पांढरी पडते ती पडू द्यावी. तीन वेगवेगळ्या उजेडांचे फोटो एकत्र जोडायचा मोह होतो, पण मधल्या काळात माणूस हलतो आणि हाताला दोन-दोन कडा येतात. चेहऱ्यावरचा उजेड बरोबर धरायचा, खोलीतली ट्यूब लावायला सांगायची, बस. फ्लॅश नाहीच. स्टीलच्या मांडणीवरून तो असा परततो की मांडणीवरच्या भांड्यांऐवजी एक पांढरा डाग उरतो. मजला बदलला की पहिल्या फोटोत राखाडी कार्ड धरायचं, म्हणजे पुढच्या वीस दारांचे रंग एकदम दुरुस्त होतात.

माणसांच्या बाबतीत एक क्रम मी सोडत नाही. फोटो म्हटलं की घरात धावपळ होते. काकू आत जाऊन साडी बदलतात, मुलाला भांग पाडला जातो, दारातलं पिंप आत ढकललं जातं. ते अडवू नये. माणसाला नीटनेटकं दिसायचा हक्क आहे. पहिला फोटो त्यांच्या मनासारखा घ्यायचा, सगळे ओळीत, समोर बघून. तो घेतला की खांदे सैल होतात. मग म्हणायचं, "काकू, आता तुमचं चालू द्या, मी इथंच आहे." दोन मिनिटांत पिंप पुन्हा जागेवर येतं, कोणी उंबऱ्यावर बसून लसूण सोलायला घेतं, शेजारची विचारते, "तुमचं कपाट मावलं का गं?" आणि तो दुसरा फोटो खरा दस्तऐवज ठरतो. कोणाला रडायला लावणारे प्रश्न विचारू नयेत. बहुतेक घरं नव्या घराच्या आनंदात असतात. पिढ्यान्‌पिढ्या संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला स्वतःचं न्हाणीघर मिळतंय. तिच्या चेहऱ्यावर फोटोवाल्यानं आपली हुरहुर लादू नये.

त्या रांगेचाही फोटो हवा, पण माणसांचा नको. भिंतीला लावून ठेवलेल्या बादल्या घ्यायच्या. प्रत्येक बादलीच्या कडीला रंगाची खूण किंवा चिंधी बांधलेली असते, कोणती कोणाची ते कळायला. मी जमिनीलगत, बादलीच्या काठाच्या उंचीवरून घेतो. तिथून खुणा वाचता येतात.

एका दारापाशी त्या दिवशी सर्वात जास्त वेळ गेला. चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, मुलांच्या उंचीच्या, शेजारी वर्ष आणि नावाचं पहिलं अक्षर. चौकट तीन वेळा रंगवलेली, पण दर वेळी रंगाऱ्यानं ती वीतभर पट्टी सोडून ब्रश फिरवलेला. त्यामुळे पट्टीच्या कडेला तीन रंगांचे थर पायरीसारखे दिसत होते: हिरवा, त्यावर आकाशी, त्यावर चॉकलेटी. समोरून टिपलं तर पेन्सिल दिसतच नाही, ती चमकते आणि लाकडात मिसळते. अशा ठिकाणी बॅटरीचा उजेड चौकटीला जवळजवळ समांतर, फार तर १५ अंशांनी टाकायचा. रेघांचे खोबणीसारखे दाब आणि रंगाच्या पायऱ्या लगेच उठून दिसतात. अगदी जवळून टिपणारी ५० मिमीची मॅक्रो लेन्स, एफ/११, आणि फ्रेममध्ये सेंटिमीटरची पट्टी. पट्टी विसरायची नाही. उद्या कोणाला ती चौकट नव्या घरात हुबेहूब उतरवायची असेल, तर याच फोटोवरून मापं काढता येतील.

छताचे फोटोही असेच आडव्या उजेडात घेतले. या चाळी आरसीसीच्या आहेत, त्या काळी ते नवंच होतं. ओल आणि समुद्राची हवा आत शिरली की लोखंडी सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. घरोघरी छताला सिमेंटची ठिगळं असतात ती यामुळे. समोरून फ्लॅश मारला तर ठिगळ सपाट दिसतं. बाजूच्या खिडकीच्या उजेडात त्याची जाडी कळते, आणि "चाळ अजून चांगली होती की" म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं.

दुपारी मंडळाच्या एका ज्येष्ठांनी पाकीट काढलं. आत जांबोरी मैदानातला चौकोनी कृष्णधवल फोटो, स्टंप आणि बॅट धरलेली पोरं, मागं चाळ. "आज इथूनच, असाच घ्या," ते म्हणाले. फोटोवर तारीख नव्हती.

चौकोनी आकारावरून तो १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवरचा हे कळतं. त्या काळी घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चौकोनी फोटो येत. त्याच्याइतकं दृश्य हवं असेल तर फुल फ्रेमवर २८ मिमी लावायची आणि नंतर चौकोन कापायचा. पुढचा प्रश्न वेळेचा. जुन्या फोटोत स्टंपची सावली स्टंपच्या सुमारे दुप्पट होती. सावली दुप्पट म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर, म्हणजे उगवल्यानंतर किंवा मावळण्याआधी जेमतेम दोन तास. सकाळ की संध्याकाळ, ते मागच्या इमारतीनं सांगितलं. ती अजून उभी आहे, तिची दिशा होकायंत्रानं मोजली आणि सावली पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकलेली निघाली. म्हणजे संध्याकाळ, आणि उन्हाळ्याकडचे महिने. मुंबईत २१ जूनच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या जवळपास २५ अंश उत्तरेला मावळतो आणि २१ डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेला. दोहोंत ५० अंशांचा फरक, म्हणून सावलीची दिशा ऋतू सांगते. जमीन कोरडी, गवताचं पातं नाही, म्हणजे पावसाच्या आधीचा काळ. इमारत रिकामी होत होती तीही मे महिन्यातच, त्यामुळे पाच वाजता उभं राहिलं की ऊन जुळणार होतं.

जागा सापडवायची रीत अशी. जुन्या फोटोत जवळची आणि लांबची अशा दोन वस्तू शोधायच्या, ज्यांपैकी एक दुसरीला अर्धवट झाकते. इथं पुढच्या चाळीचा कोपरा मागच्या चाळीची तिसरी खिडकी निम्मी झाकत होता. डावी-उजवीकडे सरकत तो कोपरा त्याच खिडकीच्या निम्म्यावर आणायचा. ही एक रेषा मिळाली. मग त्या रेषेवरच पुढं-मागं. पुढच्या आणि मागच्या इमारतीची उंची छापील फोटोत पट्टीनं मोजायची आणि त्यांचं गुणोत्तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर जुळवायचं. पुढं गेलं की जवळची इमारत झपाट्यानं वाढते, लांबची हळू वाढते. झूमनं हे कधीच जुळत नाही, कारण झूम दोघींना सारखंच वाढवतं. नेमकी इथंच गफलत होते: लोक एका जागी उभे राहून झूम फिरवत बसतात आणि फोटो "जवळपास तसाच" येतो. जवळपास तशा फोटोत काय बदललं ते सांगता येत नाही, कारण अर्धा बदल फोटोवाल्याच्या पायांनी केलेला असतो.

जागा जुळल्यावर दोन फोटो शेजारी ठेवले, तेव्हा नजर आधी मागच्या टॉवरकडे गेली. पण जास्त सांगणारी गोष्ट खाली होती. जुन्या फोटोत मैदानाच्या कडेला एकही वाहन नाही, नव्यात दुचाकींची सलग भिंत आहे आणि खेळणारी पोरं तेवढी आत सरकली आहेत. शहर बदललं असं म्हणताना आपण उंची मोजतो. रोजचं जगणं मात्र जमिनीलगत, हातभर जागेच्या देण्याघेण्यात बदलतं. पॅसेजमधली पिंपं, शिलाई मशीन, चपलांचे रॅक नव्या इमारतीत बाहेर ठेवता येणार नाहीत, कारण आगीच्या वेळी सुटकेची वाट मोकळी लागते. ते बरोबरच आहे. पण म्हणूनच आज पॅसेजमध्ये काय-काय होतं याची नोंद आजच व्हायला हवी.

फोटो काढून झाले तरी निम्मं काम बाकी असतं. कॅमेऱ्यात दोन कार्डं, दोन्हीवर एकाच वेळी नोंद. घरी गेल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, आणि तिसरी दुसऱ्याच्या घरी. फाइलचं नाव मजला, खोली, तारीख, अनुक्रम या क्रमानं, म्हणजे नुसतं नावानं लावलं तरी चाळ मजल्यागणिक उलगडते. माणसांची नावं फाइलच्या नावात नकोत, ती वेगळ्या यादीत, आणि ती यादी मंडळाकडेच. कोणाचा फोटो बाहेर दाखवायचा आणि कोणाचा नाही, हे प्रत्येक घराला त्याच दिवशी विचारून यादीत खूण केली होती. दोन महिन्यांनी विचारायला गेलं तर माणसं चार दिशांना पांगलेली असतात.

छापील प्रत प्रत्येक घराला ५ बाय ७ इंचांची, मॅट कागदावर. मागं मऊ पेन्सिलीनं खोली क्रमांक आणि तारीख लिहायची. बॉलपेननं लिहिलं तर दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. मंडळाला सगळ्या ८० दारांचा संच, मजल्यागणिक चार पाकिटांत, बिनआम्ल कागदाची.

पुढचा टप्पा नव्या इमारतीतला, घरं ताब्यात मिळाल्यावर. तिथंही तीच २४ मिमी, तीच १०५ सेंटिमीटर उंची, तेच दोन मीटर अंतर आणि दारात तीच माणसं. मंडळाला एवढंच सांगून ठेवलं आहे की पाट्या लागल्यानंतर बोलवा, आणि शक्यतो पहिल्या गणपतीच्या आधी.